उद्रेक क्षणाचा, जागल वर्षानुवर्षांची

२ एप्रिल २०२२ ची सायंकाळ चंद्रपूर जिल्ह्यातील लोक सहजी विसरणार नाहीत. गुढीपाडव्याचा दिवस होता. गुढ्या उतरून झाल्या होत्या, घरोघरी जेवणाची तयारी चालू होती आणि अशा वेळी आकाशातून तेजाचे लोळ सरकत जाताना विदर्भातील असंख्य लोकांनी पाहिले. पाठोपाठ सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची एक प्रचंड कडी येऊन पडली. एका चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे तज्ज्ञांचे अनुमान प्रसिद्ध झाले. त्यानंतर कित्येक दिवस बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर आणि महाविद्यालयाच्या आवारात आकाशाखेरीज दुसरा विषय नव्हता.

जे आकाशातून खाली पडते त्याची अशी चर्चा होते. परंतु आकाशात असेही काही घडते की ज्यातून जमिनीवर काहीच पडत नाही, डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि तरीही लाडबोरीच्या कडीहून कितीतरी अधिक गहन प्रश्न ते उभे करते. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी लडाखमधील हान्ले येथे ‘मेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाकाय दुर्बिणीचे उद्घाटन झाले. दूरस्थ दीर्घिकांमधून येणाऱ्या अतिशक्तिमान गॅमा किरणांचे वेध घेणे हे तिचे काम. ती बातमी वर्गात निघाली तेव्हा एटापल्ली तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, एवढा पैसा घालून तिकडे दुर्बीण बसवली, तिचा आमच्या गावाला उपयोग काय?”

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, खगोलशास्त्राचा नव्हे. परंतु प्रश्न खर्चाचा असल्यामुळे तो टाळण्याची सवलत मला नव्हती. खर्च योग्य की अयोग्य हे ठरविण्यापूर्वी त्या खर्चातून काय विकत घेतले जाते हे समजून घ्यावे लागते. म्हणून आधी त्या गॅमा किरणांची हकीकत सांगतो.

काळावरून आकार

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा अब्जावधी दीर्घिका विश्वात आहेत आणि बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी प्रचंड वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, असे आज मानले जाते. यांपैकी थोड्या दीर्घिकांचे केंद्र ‘सक्रिय’ असते. भोवतालचे द्रव्य तेथील कृष्णविवराकडे ओढले जाते आणि त्या उलाढालीतून कधी कधी दोन विरुद्ध दिशांना प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करू पाहणारे द्रव्याचे झोत बाहेर फेकले जातात. असा एखादा झोत योगायोगाने आपल्याच दिशेला रोखलेला असला, तर त्या दीर्घिकेतून येणारे किरण कमालीचे तेजस्वी आणि कमालीचे चंचल भासतात. त्यांतील सर्वांत शक्तिमान असे गॅमा किरणांचे कण दृश्य प्रकाशाच्या कणापेक्षा सुमारे पन्नास हजार कोटी पट ऊर्जा बाळगतात.

सप्तर्षींच्या तारकासमूहात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, ‘मार्केरियन ४२१’ नावाची अशी एक दीर्घिका आहे. तिच्याकडून येणारे हे अतिशक्तिमान किरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या व्हिपल वेधशाळेने १९९२ साली प्रथम नोंदविले. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे ज्या अरण्यांचा पुढे वर्धा खोऱ्यातील कोळसा झाला, जो आज आमच्या खाणींतून निघतो आणि दुर्गापूरच्या विद्युत केंद्रात जळतो, ती अरण्ये उगवण्याच्याही आधी हे किरण तेथून निघालेले होते. १५ मे १९९६ च्या रात्री याच दीर्घिकेत एक उद्रेक सुमारे अर्ध्या तासात चढला आणि ओसरला. ४० कोटी वर्षांचा प्रवास आणि अर्ध्या तासाचा निरोप, असा हा प्रकार.

पुढे २८ जुलै २००६ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणींनी याहून विलक्षण दृश्य पाहिले. ‘पी.के.एस. २१५५-३०४’ ही दीर्घिका सुमारे दीडशे कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. सुमारे दीड तासाच्या निरीक्षणात तिच्यात एकामागून एक उद्रेक झाले आणि तिचे तेज सुमारे तीन मिनिटांत दुप्पट होत असल्याचे आढळले.

तीन मिनिटांचे एवढे महत्त्व काय? आमच्या जिल्ह्यांतील वाचकांना ते वणव्याच्या दाखल्याने चटकन उमगेल. उन्हाळ्याच्या रात्री टेकडीवरून पाहणाऱ्याला दूर जंगलात आग दिसते. जाळ कोठे आहे, केवढा आहे हे अंधारात समजत नाही. पण तो जाळ चार-पाच मिनिटांत भडकला आणि तेवढ्याच वेळात शमला, तर जाणता वनरक्षक लगेच म्हणेल की हे सारे जंगल पेटलेले नाही, बांबूचे एखादे बेट पेटले असेल. कारण एका टोकाची आग दुसऱ्या टोकाला पोहोचायलाच त्याहून अधिक वेळ लागतो. काळावरून आकार ताडता येतो तो असा.

आकाशातही हाच न्याय लागतो. तेथे सर्वांत वेगवान दूत म्हणजे प्रकाश. तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तीन मिनिटांत सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर. जे तेज तीन मिनिटांत दुप्पट होते, त्याचा उगम साध्या हिशेबाने एवढ्याच पल्ल्यात मावला पाहिजे. सूर्यापासून पृथ्वीचे अंतर पंधरा कोटी किलोमीटर आहे. सबंध दीर्घिकेला झाकोळून टाकणारे तेज पृथ्वी व सूर्य यांमधील अंतराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यातून निघते, असा याचा अर्थ होईल. आणि खरी अडचण तर पुढेच आहे. अशा दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवर शंभर कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे धरले, तर त्याची त्रिज्याच सुमारे तीनशे कोटी किलोमीटर भरते आणि तेवढे अंतर ओलांडायला प्रकाशालाही पावणेतीन तास लागतात. ज्या यंत्राला इकडून तिकडे निरोप पोहोचवायला तास लागतात, ते यंत्र मिनिटामिनिटाला कसे लुकलुकते?

झोत आपल्या रोखाने येत असल्यामुळे तेथील काळ आपल्याला आखडलेला दिसतो, हे या कोड्याचे अर्धे उत्तर. उरलेल्या अर्ध्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. झोताच्या पोटात चुंबकीय क्षेत्राच्या रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि त्यातून आणखी वेगवान असे लहान झोत उसळतात, असे काहींचे मत आहे. १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री ‘आय.सी. ३१०’ या दीर्घिकेत पाच मिनिटांहूनही कमी काळात होणारे बदल स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील ‘मॅजिक’ दुर्बिणींनी टिपले. तेव्हा कृष्णविवराच्या अगदी निकट, ढगांतील विजेसारखा काही प्रकार होत असावा, असाही विचार पुढे आला. वाद मिटलेला नाही. तो मिटविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे अधिक उद्रेक पाहणे.

या झटपट उद्रेकांचा आणखी एक उपयोग आहे. शर्यत सुरू करताना बार उडवितात, तसा हा उद्रेक असतो. कमी ऊर्जेचे आणि अधिक ऊर्जेचे कण जवळजवळ एकदमच सुटतात. कोट्यवधी वर्षे धावून ते एकाच वेळी पोहोचले, तर प्रकाशाचा वेग ऊर्जेवर अवलंबून नाही या आइन्स्टाइनप्रणीत सिद्धान्ताला बळकटी येते. मागेपुढे पोहोचले, तर अवकाशाच्या स्वरूपाविषयीच नवा विचार करावा लागेल. २००५ आणि २००६ च्या उद्रेकांवरून अशी तपासणी झाली आणि वेगातील फरक असलाच तर तो किती सूक्ष्म असला पाहिजे, याची मर्यादा घालता आली. एवढी कठोर परीक्षा पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत घेणे शक्य नाही.

हान्ले आणि आपण

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरांत त्यांची हवेतील अणूंशी गाठ पडते, त्यातून कणांचा एक वर्षाव निर्माण होतो, आणि हे कण हवेतील प्रकाशापेक्षा अधिक वेगाने जात असल्यामुळे निळसर प्रकाशाची एक अत्यंत क्षीण लहर उमटते. तिला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. ती टिकते सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतकी. मेस दुर्बीण पाहते ती ही लहर. तिचा परावर्तक २१ मीटर व्यासाचा असून तो ३५६ आरशांच्या फलकांचा बनलेला आहे, आणि तिच्या कॅमेऱ्यात प्रकाशाचे १,०८८ संवेदक आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ती देशातच घडविली. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२७० मीटर उंचीवर उभी असलेली ही आशियातील या प्रकारची सर्वांत मोठी दुर्बीण होय. औपचारिक उद्घाटनाच्या आधीच, डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये, ‘एन.जी.सी. १२७५’ या दीर्घिकेतील उद्रेक तिने नोंदविले होते.

हे एका दिवसात घडलेले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने या शास्त्राचे प्रयोग प्रथम उटी येथे केले आणि पुढे पचमढी येथे दुर्बिणींचा ताफा उभारला. हे पचमढी म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची उन्हाळी राजधानी. आमचा तेव्हाचा चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबूवर ‘टॅक्टिक’ दुर्बीण उभी केली. हान्लेलाच सात दुर्बिणींचा ‘हागार’ संच २००८ पासून कामाला लागला. फेब्रुवारी २०१० मध्ये मार्केरियन ४२१ भडकली, तेव्हा टॅक्टिक आणि हागार या दोघांनीही तिचे वेध घेतले. म्हणजे जगातील मोठ्या यंत्रांच्या मानाने लहान असलेली आपली यंत्रे त्या वेळी जागी होती.

‘जागी होती’ हे शब्द मी हेतुपुरस्सर वापरतो. पृथ्वी फिरते. ॲरिझोनात दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. नामिबियात अंधार पडण्याच्या सुमारे चार तास आधी आणि ला पाल्मात पडण्याच्या सहा तास आधी तो आपल्याकडे पडतो. तीन मिनिटांचा उद्रेक आपल्या रात्री झाला, तर तो पाहण्याची पाळी आपलीच आहे. आपण निजलेले असलो तर तो गेला तो गेलाच. आणि नकाशा उघडून पाहिला तर ध्यानात येईल की हान्ले हे चंद्रपूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेस आहे. दोन्ही ठिकाणे ७९ अंश पूर्व रेखांशाच्या लगत आहेत. हान्लेची मध्यरात्र हीच आमची मध्यरात्र.

आमच्याकडे धान निसवू लागले की शेतकरी रानडुकरांच्या भीतीने मचाणावर जागल करतो. वीस रात्री काहीच होत नाही. एकविसाव्या रात्री घटकाभर डोळा लागतो आणि कळप शेत उलथून जातो. त्या वीस रात्रींची जागल व्यर्थ होती, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. गॅमा किरणांच्या शास्त्राचे अर्थकारण नेमके असेच आहे.

उद्घाटन आणि देखभाल

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. गडचिरोलीत रस्ते अपुरे, दवाखाने अपुरे, सिकलसेलसारख्या आजारांचा भार मोठा; अशा स्थितीत दुर्बिणीवर खर्च करणे हा उधळेपणा नव्हे काय? प्रश्नातील वेदना खरी आहे. परंतु हिशेब मांडला की चित्र निराळे दिसते. संशोधन आणि विकास यांवर भारताचा एकूण खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता आणि त्यातही मूलभूत विज्ञानाचा वाटा मर्यादितच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. रक्कम मोठी आहे. पण ५५ हजार कोटींहून अधिक खर्च झालेल्या समृद्धी महामार्गाशी ताडून पाहिली, तर ती त्याच्या तीस-पस्तीस किलोमीटरांची किंमत भरते. एटापल्लीचा दवाखाना हान्लेने अडविलेला नाही.

अशा ज्ञानाला अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात. एकाने घेतल्याने ते दुसऱ्याला कमी पडत नाही आणि कोणाला त्यापासून दूरही ठेवता येत नाही. म्हणूनच बाजार ते पुरेसे निर्माण करीत नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींची योजना जाहीर झाली, त्यांतील सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यावेत असे अपेक्षिले गेले. औषधे किंवा यंत्रे यांसाठी उद्योगपती पैसा देतीलही. परंतु चाळीस कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेची जागल कोणता कारखानदार करील? हा भार समाजालाच, म्हणजे सरकारलाच, उचलावा लागेल.

मात्र माझी खरी तक्रार रकमेविषयी नाही, खर्चाच्या प्रकाराविषयी आहे. अंदाजपत्रकात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असा भेद करतात. दुर्बीण उभारणे हा भांडवली खर्च. तिच्यामागे रात्रभर बसणाऱ्या माणसाचा पगार, आरशांची सफाई, सुटे भाग, विजेचे बिल हा महसुली खर्च. भांडवली खर्चाची वाहवा होते, त्याचे उद्घाटन होते, त्याचे छायाचित्र छापून येते. महसुली खर्च अनुत्पादक समजला जातो आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. वास्तविक उद्रेक टिपला जातो तो या महसुली खर्चामुळे. न चालणारी दुर्बीण म्हणजे माळावर पडलेला आरशांचा ढीग.

आणि येथेच हान्ले व एटापल्ली यांचे दुखणे एक आहे. दवाखान्याची इमारत उभी राहते, डॉक्टरांची जागा रिक्त राहते. शाळेत प्रयोगशाळा येते, तिच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणास ठाऊक नसते. रुग्णाची प्रकृती रात्री दोन वाजता बिघडते, वणवा दुपारी अचानक लागतो, पूर एका रात्रीत चढतो. ज्या गोष्टी झटकन घडतात त्यांच्यासाठी कोणीतरी सतत जागे असावे लागते, आणि त्या जागणाऱ्याला नियमित पगार द्यावा लागतो. दुर्बीण की दवाखाना, हा वाद म्हणूनच फसवा आहे. खरा वाद उद्घाटन आणि देखभाल यांचा आहे, आणि त्यात हान्लेचा निरीक्षक आणि भामरागडची परिचारिका एकाच बाजूला उभे आहेत.

आपला वाटा

अशा दुर्बिणी गडचिरोलीत बसवाव्यात असे कोणी म्हणणार नाही. आमची उंची कमी, पावसाळा दीर्घ, हवा दमट. पण या शास्त्रात आम्हांला वाटाच नाही, असे मात्र नाही. २००८ साली सोडलेल्या ‘फर्मी’ या उपग्रहाची गॅमा किरणांची निरीक्षणे सर्व जगाला विनामूल्य खुली असतात. भारताच्या २०१५ च्या ‘ॲस्ट्रोसॅट’ची निरीक्षणेही ठराविक मुदतीनंतर खुली होतात. एखादा संगणक, भरवशाची जोडणी आणि मार्ग दाखविणारा शिक्षक एवढे असले, तर गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील विद्यार्थी मार्केरियन ४२१ च्या तेजाचा आलेख स्वतः काढू शकतो. विद्यापीठांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना अशीच मदत व्हावी, म्हणून पुण्यात १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. ते दार उघडे आहे. त्या दारापर्यंत आमच्या मुलांना नेणारा पदार्थविज्ञानाचा अध्यापक मात्र महाविद्यालयात असला पाहिजे, तोही तासिका तत्त्वावर वर्षभराच्या अनिश्चिततेत लोंबकळणारा नव्हे, तर कायम नेमणुकीचा.

दुसरा वाटा आमच्या रात्रींचा. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे लगतच्या गावांतील दिवे जमिनीकडे तोंड करून बसविण्यात आले. ताडोबाच्या आसमंतात आणि गडचिरोलीच्या अरण्यात हे का होऊ नये? येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. अंधाराचे गोडवे गाऊन कोणाच्या घरची वीज अडविण्याचा हा विचार नव्हे. ज्या पाड्यावर अजून दिवा नीट जळत नाही, तेथे तो आधी जळला पाहिजे. आक्षेप आहे तो रस्त्यावर पडण्याऐवजी आकाशात वाया जाणाऱ्या प्रकाशावर. दिव्यावर एक टोपण बसविले की रस्ता उजळतो, वीज वाचते आणि सप्तर्षीही दिसतात. चंद्रपूर शहरातून ते आता धडपणे दिसत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात ते अजून दिसतात, आणि ही संपत्ती गमावण्यास फार वर्षे लागणार नाहीत.

त्या विद्यार्थ्याला मी हे सारे एका तासात सांगू शकलो नाही. तास संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे धानाच्या जागलीला जातो तेव्हा सप्तर्षी रोजच पाहतो. त्यांत असं काही आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.” जागलीची सवय त्याला आहे आणि अंधारही त्याच्या गावाकडे आहे. आता अध्यापकाची कायमची जागा आणि चालू स्थितीतील संगणक या दोन गोष्टी आम्ही त्याला कधी देणार, हे ठरविण्यासाठी कोणत्याही दुर्बिणीची आवश्यकता नाही.